दाब, धर, सोड

माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत आमच्या घरात सर्वांत जास्त उच्चारले गेलेले शब्द तीन होते: दाब, धर, सोड. शब्द बाबांचे होते आणि जमिनीतून आल्यासारखे यायचे, कारण त्या वेळी बाबा जीपखाली उताणे पडलेले असायचे. जीप अंगणात उभी असायची आणि आई स्वयंपाकघरात. "अवं, जरा ये" अशी हाक आली की ती तव्यावरची पोळी उतरवून, गॅस बंद करून, पिठाचे हात अंगापासून दूर धरत बाहेर यायची, चालकाच्या जागेवर बसायची आणि ब्रेकवर पाय ठेवायची. "दाब." ती दाबायची. "धर." ती दाबून धरायची. खाली बाबा एक लहानसा स्क्रू ढिला करून नळीतली हवा काढायचे आणि तो पुन्हा आवळायचे. "सोड." हे एका संध्याकाळी कितीतरी वेळा चालायचे. मध्येच आई विचारायची, "भाजी टाकू का मी आता?" खालून उत्तर यायचे, "दाब."

बाबा नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फोरमन होते. जीप त्यांनी लष्कराच्या भंगारातून उचलली होती. ती ट्रकवरून आली तेव्हा तिला आसने नव्हती, ताडपत्री नव्हती आणि इंजिन होते ते फिरत नव्हते. दिवाळीपर्यंत चालू करतो, असे ते म्हणाले होते. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे त्यांनी सांगितले नव्हते. आमचे घर एका ले-आउटमधल्या छोट्या प्लॉटवर होते: दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे तेवढेच अंगण. अंगणात आईची वाळवणे व्हायची. उन्हाळ्यात कुरड्या, सरगुंडे, पापड, मुगवड्या, मिरच्या. जीप आल्यापासून हे सगळे शेजारच्या मेश्रामकाकूंच्या गच्चीवर जाऊ लागले. आई सकाळी परात डोक्यावर घेऊन त्यांचा जिना चढायची आणि दुपारी कावळे हाकायला पुन्हा चढायची. काकू चांगल्या होत्या, त्यांनी कधी काही म्हटले नाही. तेच आईला जास्त लागायचे.

ब्रेकपेक्षा क्लचचे काम अवघड होते. त्यासाठी गाडी जॅकवर उचलून, इंजिन सुरू करून, पहिला गिअर टाकलेला असायचा. आईने पेडल दाबून ठेवायचे, मग अगदी हळूहळू वर येऊ द्यायचे आणि मागचे अधांतरी चाक हलायला लागले की "हं" म्हणायचे. बाबा बाजूला बसून दांडीचा नट फिरवायचे. पुन्हा दाब, पुन्हा सोड, पुन्हा "हं". चाक हलायच्या किंचित आधी तळपायाला एक थरथर लागते, असे आईने एकदा जेवताना सांगितले होते. बाबांनी त्याकडे लक्ष दिले नाही. ते तेव्हा कार्ब्युरेटरविषयी बोलत होते. ते बहुतेक कार्ब्युरेटरविषयीच बोलायचे.

जीप अखेर सुरू झाली. म्हणजे अंगणात सुरू झाली, धूर सोडला, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. फाटकाबाहेर मात्र ती क्वचितच निघे. बाहेर काढली की काहीतरी ऐकू यायचे, बाबा ते ऐकायचे, गाडी मागे घ्यायचे आणि पुन्हा खाली शिरायचे. एका रविवारी काटोलची आत्या आली. आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर संत्र्याची बाग एकटीने सांभाळणारी बाई. ती बसमधून उतरून फाटकातून आत आली, जीपला वळसा घालायला जागा नव्हती म्हणून अंग चोरून भिंतीला घासत आली, आणि पातळाला लागलेले ग्रीस पाहत म्हणाली, "वसंता, आंगनात बांधलेली म्हैस दूध तरी देते. हे काय देते गा?"

बाबांना हे लागले. जेवताना ते म्हणाले, "रस्त्यावर कोनतीही गाडी चालते. गाडीची परीक्षा वाळूत असते. मी हिले वाळवंटात नेतो. जैसलमेरच्या पुढं. तिथं एक रात राहतो अन् सोताच्या चाकावर परत आनतो. कोनाचा दोर नाही, कोनाचा धक्का नाही."

आई वाढत होती. तिने वरणाची पळी भांड्यात परत ठेवली. "अन् नाही आली तर?"

"तर भंगारवाल्याले देतो."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"आपल्या घरच्यांचा धक्का चालन," आत्या म्हणाली. "दोर नाही. मी ऐकलं हे. मी येतो संगं, नाहीतर तुम्ही दोघं परत येऊन येगयेगळं सांगसान." विदर्भातल्या अनेक जुन्या बायांप्रमाणे आत्या स्वतःविषयी "मी येतो, मी जातो" असेच बोलायची.

सुटी मे महिन्यात मिळत होती. मे महिन्यात वाळवंटात कोण जाते, असे बाबांना कारखान्यात विचारले गेले. त्यांचे उत्तर आम्ही घरी अनेकदा ऐकले: "नागपूरच्या मानसाले उनाची भीती दाखवता काय?" हा समज एकट्या बाबांचा नव्हता. आजही या शहरात पारा चढला की लोक वैतागतात कमी आणि मिरवतात जास्त. पुढे वर्तमानपत्रात काम करताना मी उन्हाच्या बातम्या वर्षानुवर्षे लिहिल्या आणि दरवर्षी कुणीतरी फोन करून आपल्या भागात याहून एक अंश जास्त होता, असा दावा करायचेच.

निघायचा दिवस बाबांनी आदल्या संध्याकाळी जाहीर केला. आईचे कुरड्यांचे गहू तेव्हा भिजत होते. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावे लागते, मग तो वाटून चीक काढायचा. तो मध्येच सोडता येत नाही. आईने बाबांकडे पाहिले, पातेले उचलले आणि मेश्रामकाकूंकडे नेऊन दिले. परत आल्यावर ती दशम्या करायला बसली. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, सातूचे पीठ, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर, आणि उन्हासाठी कांदे. बाबा तोवर खिडकीच्या खसाच्या ताट्या सोडत होते. बांबूच्या चौकटीत विणलेल्या वाळ्याच्या त्या ताट्या उन्हाळ्यात प्रत्येक घरात लागत आणि दर थोड्या वेळाने त्यांच्यावर पाणी मारावे लागे.

"त्या कायले?" आईने विचारले.

"तंबूले लावू."

"अन् पानी?"

"पानी आहे ना." बाबांनी पाण्याचे कॅन दाखवले. ते प्यायच्या पाण्याचे होते.

प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बैतूलच्या घाटात गाडी तापली, इंदूरच्या अलीकडे तापली, आणि त्यानंतर ती तापली की आम्ही न सांगता उतरू लागलो. इंजिनाचा आवाज इतका होता की बोलणे ओरडून करावे लागे, त्यामुळे आईने बोलणे सोडले. आत्याने सोडले नाही. जोधपूरला बाबांनी पेट्रोलपंपावर चारही टायरांत हवा दाबून भरली, बोटाने टणटण वाजवून पाहिले. "भरल्या गाडीले भरली हवा," ते म्हणाले. काळ्या मातीच्या, गोट्यांच्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला मऊ टायर म्हणजे पंक्चरच वाटतो.

याच ठिकाणी आजचे एक वाक्य लिहिले पाहिजे. आत्याचा नातू हल्ली मोठी गाडी घेऊन एका क्लबाबरोबर वाळवंटात जातो आणि मला व्हिडिओ पाठवतो. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. आमच्या वेळी याला रस्ता चुकणे म्हणत. वाळूत शिरण्याआधी टायरांतली हवा काढून ते मऊ करायचे, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवले गेले. हे मी त्याच्याकडून ऐकले तेव्हा बाबा नव्हते. असते तरी त्यांनी मानले असते, असे वाटत नाही.

डांबरी रस्ता सोडून बाबांनी जीप वाळूत घातली तेव्हा दुपार उतरत होती. दोनेक किलोमीटर ती चांगली गेली, जमीन कडक होती, वर पातळ वाळू. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाबांनी गाडी थांबवली. इथे वारा लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वारा लागला नाही. वाळू मात्र सगळी तिथेच येऊन बसत होती. जीपच्या कडेला ताडपत्री ताणून तंबू झाला, त्याला ताट्या बांधल्या, बाबांनी लोट्याने पाणी मारले आणि खरे सांगायचे तर आत इतके गार झाले की आम्ही चौघेही पाय पसरून बसलो. वाळ्याचा वास आला. नागपूरची दुपार तिथे आली. आत्या तर झोपली. कोरड्या हवेत ताट्या झरझर वाळत होत्या आणि बाबा झरझर पाणी मारत होते. आईने कॅन हलवून पाहिला तेव्हा तळ वाजला.

"किती राहिलं?" आत्याने डोळे न उघडता विचारले.

"पियाले आहे," आई म्हणाली. "तोंड धुयाले नाही."

"सकाळी निघूनच राहिलो ना आपन," बाबा म्हणाले आणि लोटा खाली ठेवला.

रात्रीच्या जेवणात वाळू होती. दशमीत होती, चटणीत होती, पन्ह्याच्या तळाशी होती. "ज्वारीत खडे असतात," आत्या चावता चावता म्हणाली, "ते दिसतात तरी." बाबा मात्र आनंदात होते. वाळूतली रात्र ही शर्तीतली निम्मी बाजू होती आणि ती त्यांनी जिंकत आणली होती. ते मला ताऱ्यांची नावे सांगत होते. त्यांतली काही चुकीची होती.

सकाळी जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. बाबांनी आईकडे पाहिले. चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा टाकला, पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. चाके फिरली, वाळू मागे उडाली, गाडी वीतभर पुढे गेली आणि बसली. बाबांनी आणखी दाबले. गाडी आणखी बसली. आम्ही तिघी मागून ढकलत होतो आणि चाकांनी उडवलेली वाळू आमच्या तोंडावर येत होती. "जोर लावा," बाबा पुढून म्हणत होते. बाबांना कुठल्याही यंत्राला जास्त ताकद दिली की ते ऐकते असे वाटायचे. आता ऊन पाठीवर येऊ लागले होते. मागची चाके निम्मी आत गेली होती.

तेवढ्यात टेकडीवरून एक ट्रॅक्टर उतरला. मागे पाण्याची टाकी होती. वाड्यावस्त्यांना पाणी पोचवून तो परतत होता. चालकाने ट्रॅक्टर थांबवला, जीपकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, तंबूवरच्या ताट्यांकडे जरा जास्त वेळ पाहिले. "रस्सी डाल दूँ, बाबूजी?" त्याने विचारले. दोर त्याने हातात घेतलाही होता.

बाबा आईकडे पाहत नव्हते. आत्या बाबांकडे पाहत होती. "दोर लागला का शर्त गेली, वसंता," ती शांतपणे म्हणाली.

"थोडा रुको ना भाऊ," बाबा चालकाला म्हणाले. "निकलती अभी."

चालकाने टाकीच्या तळाचे उरलेले पाणी आमच्या एका कॅनमध्ये सोडले, ट्रॅक्टरच्या सावलीत बसला आणि बिडी पेटवली. त्याला घाई दिसत नव्हती. आमच्यासारखी करमणूक त्याला रोज मिळत नसावी.

आता हिशेब साधा होता. ढकलायला बाबांची ताकद हवी होती, म्हणजे गाडीत दुसरे कुणीतरी बसायला हवे होते. "पोरी, तू बस," ते मला म्हणाले. मला गाडी चालवता येत नव्हती, पण आमच्यात सर्वांत हलकी मी होते. मी बसले. क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद पडले. बाबा मागून येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. घामाने त्यांच्या चेहऱ्यावरच्या वाळूचा चिखल झाला होता. त्यांचे डोळे ट्रॅक्टरकडे गेले, आणि मला वाटले, आता ते दोर मागणार. ती जीप, तिच्याखाली घातलेल्या सगळ्या संध्याकाळी, उद्या-परवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढणार होत्या, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

आई तंबूपाशी होती. तिने दोन्ही ताट्या सोडल्या, ओढत आणल्या आणि मागच्या चाकांपुढे एकेक ताटी खुपसली. मग ती माझ्या बाजूला आली. "उठ तू."

"तुले येते का?" बाबांनी विचारले.

"इतकी वर्सं मी काय करून राहिली होती त्या आंगनात?"

ती बसली. चप्पल काढून बाजूला ठेवली. अनवाणी पाय तिने क्लचवर ठेवला, अंगणात ठेवायची तसाच. बाबा मागे गेले, आम्ही त्यांच्या दोन बाजूंना. सवयीने ते म्हणाले, "दाब. गिअर टाक. आता हळू—"

"मालूम आहे मले," पुढून आवाज आला.

इंजिनाचा आवाज वाढला नाही, हे मला नेमके आठवते. बाबांच्या वेळी तो किंचाळत होता. आता तो खाली, जड, एकसारखा होता. मग काहीच घडले नाही, इतका वेळ की मला ती पुन्हा बंद पडणार वाटले. आई त्या थरथरीची वाट पाहत असावी. मग एक अगदी लहान "हं" ऐकू आले. ताट्यांचे बांबू कडकड मोडले, चाके त्यांच्यावर चढली, आणि आम्ही ढकलत होतो ती गाडी आमच्या हातांतून निघून गेली. आत्या वाळूत गुडघ्यांवर पडली.

"थांब," बाबा ओरडले. "अवं थांब."

आई थांबली नाही. जीप चढ चढली, वळली आणि टेकडीपलीकडे गेली.

"थांबली तर पुन्हा फसन," आत्या गुडघे झाडत म्हणाली. "तिले समजते ते. तुले नाही समजत." ट्रॅक्टरचालकाने बिडी विझवली, दोर गुंडाळून ठेवला आणि आमच्यासाठी टाकीवर जागा केली. बाबा बसले नाहीत. ते जीपच्या चाकोरीतून चालत निघाले, हातात आईच्या चपला.

जीप डांबरी रस्त्याच्या कडेला उभी होती. बॉनेटमधून वाफ येत होती, कारण आईने ते सगळे अंतर पहिल्या गिअरमध्ये कापले होते. दुसरा गिअर तिला माहीत नव्हता. अंगणात तो कधी लागलाच नव्हता. ती अजून चालकाच्या जागेवर बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाबा पोचले, चपला खाली ठेवल्या आणि चारही टायर दाबून पाहिले.

"आली ना," ते शेवटी म्हणाले. "सोताच्या चाकावर. मी म्हटलं होतं."

आईने आधी पाणी मागितले. प्यायली. आत्या पुढे होऊन म्हणाली, "सुमन, तुले काय अक्कल आहे का वं? नुसतं इंजिन बंद पडू दिलं असतं तं आंगन तुयं होतं. जिंकलेली शर्त काहून हरली?"

"दोरानं ओढली असती," आई म्हणाली, "तरी हे देनार होते का भंगारात? म्हटले असते, एक नट ढिला होता. आनखी तीन वर्सं खाली जाऊन झोपले असते. अन् मी वर, दाब, धर, सोड." तिने कॅन आत्याकडे दिला. "आता झाली ना चालू? वाळूत चालली. आता हिची काही दुरुस्ती राहिली का?"

खरे उत्तर बाबांच्या अभिमानाविरुद्ध होते आणि खोटे देण्यासारखे ठिकाण नव्हते.

"मंग चालू गाडीले आंगन कायले लागते? फाटकाभायेर ठेवा, लिंबाखाली. लोक ठेवतात तशी."

आत्याने आधी बाबांकडे पाहिले, मग आईकडे. "मी ऐकलं हे," ती म्हणाली.

परतीचा प्रवास आणखी कंटाळवाणा होता. गाडी तापली त्या सगळ्या ठिकाणी पुन्हा तापली. बाबा कमी बोलले. एकदाच, मंदसौरच्या पुढे, त्यांनी आईला विचारले, "चाक हलायच्या आधी पायाले काय लागते म्हने तुले?" आई बाहेर पाहत होती. "थरथर," ती म्हणाली, "सांगितलं होतं मी."

नागपूरला पोचलो त्या संध्याकाळी बाबांनी जीप फाटकासमोर थांबवली. सवयीने त्यांचा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी गाडी फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली लावली. अंगणात जीपच्या जागी काळ्या तेलाचा एक मोठा डाग होता. आईने तो राखेने, सोड्याने, शेवटी नारळाच्या शेंडीने घासला. तो पुरता कधी गेला नाही. दुसऱ्याच दिवशी तिने गहू भिजवले, दुप्पट. मेश्रामकाकूंना त्यांच्या गच्चीच्या सगळ्या उन्हाळ्यांची परतफेड कुरड्यांत करायची होती.

चीक तयार झाला त्या सकाळी अंगणात पलंगावरच्या चादरी पसरल्या, सोऱ्यातून कुरड्या पडू लागल्या, आणि अंगण भरले तरी पातेल्यात निम्मा चीक उरला होता. आईने इकडेतिकडे पाहिले. फाटकाबाहेर लिंबाची सावली अजून पलीकडे होती. ती एक धुतलेले धोतर घेऊन बाहेर गेली, जीपच्या तापलेल्या बॉनेटवर ते पसरले आणि ओळीने कुरड्या घातल्या, मग ताडपत्रीच्या टपावरही.

सुटीचा शेवटचा दिवस होता. बाबा आंघोळ करून, भांग पाडून, किल्ली बोटात फिरवत निघाले. "सदरच्या बाजारात जाऊन येतो," ते म्हणाले.

"गाडीवर कुरड्या वाळून राहिल्या," आई सोऱ्या फिरवत म्हणाली.

बाबांनी फाटकातून बाहेर पाहिले. मग किल्ली खिळ्याला अडकवली आणि सायकल काढली.